बाजार, कोठी आणि तारीख

आठवड्याच्या बाजारातून घरधनी परत यावा, त्याने पिशवी ओसरीवर टेकावी आणि ती उपसताना गृहिणीच्या कपाळाला आठी पडावी, हा प्रसंग महाराष्ट्रातील कोणत्याही घराला अपरिचित नाही. डाळीत सोंडे निघतात, शेंगदाणे खवट लागतात, पेरू उद्या लिबलिबीत होणार हे हातालाच कळते; आणि अलीकडे तर बिस्किटांच्या पुड्यावरील तारीख मागच्याच महिन्यात उलटून गेलेली असते. ‘बघून घ्यायला काय झाले होते?’ या प्रश्नाला ‘स्वस्त मिळाले’ हे ठरलेले उत्तर. ही कुरबुर स्वभावाची म्हणून हसण्यावारी नेली जाते. परंतु थोडे मागे जाऊन पाहिले म्हणजे असे दिसते की, तिचे मूळ माणसांच्या स्वभावापेक्षा कामाच्या वाटणीत आहे. पैसा पुरुषाच्या कनवटीला आणि कोठीची किल्ली स्त्रीच्या कमरेला, अशी ही वाटणी होती. एकाने भाव पाहावयाचा, दुसरीने काळ पाहावयाचा. अन्नाच्या पुड्यावर मुदत छापण्याची जी चाल आज सर्वत्र रूढ झाली आहे, तिचा इतिहासही या वाटणीच्या अंगाने पाहण्यासारखा आहे.

उदाहरणादाखल राहाता हे गाव घ्यावे. पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, नगर–मनमाड रस्त्यावर शिर्डीच्या दक्षिणेस दीडएक कोसावर ते वसलेले आहे. १९९९ पर्यंत ते कोपरगाव तालुक्यात मोडत असे. त्या वर्षी ते स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण झाले. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस या मुलखापर्यंत येईतो बराचसा आटलेला असतो, आणि म्हणून बाजरी हेच येथील शेतकऱ्याचे जुने अन्न. विसाव्या शतकाच्या आरंभी नांदूर मधमेश्वराच्या बंधाऱ्यातून गोदावरीचे कालवे निघाले, वर दारणा नदीवर धरण झाले, आणि कालव्याच्या पाण्यावर ऊस, मोसंबी व पेरू यांचे मळे उभे राहिले. राहात्याच्या पेरूचा तर पुढे मोठा लौकिक झाला. अशा रीतीने एकाच गावाच्या शिवारात दोन प्रकारचे अन्न नांदू लागले. बाजरीचा दाणा नीट जपला तर वर्ष दीड वर्ष सहज टिकतो. झाडावर पिकलेला पेरू उन्हाच्या दिवसांत दोन-तीन दिवसांपलीकडे धीर धरीत नाही.

बाजरीचा हा टिकाऊपणा मात्र दाण्याचा आहे, पिठाचा नाही. या भागातील गृहिणींना ही गोष्ट रसायनशास्त्र न शिकता पक्की ठाऊक होती. ज्वारी-गव्हापेक्षा बाजरीच्या दाण्यात स्निग्धांश अधिक असतो. दाणा अखंड आहे तोपर्यंत तो स्निग्धांश आपल्या जागी सुरक्षित राहतो. दाणा दळला की, त्यातीलच एका पाचक द्रव्याची व स्निग्धांशाची गाठ पडते, हवाही लागते, आणि उकाड्याच्या दिवसांत आठवड्याच्या आतबाहेर पीठ कडवट होऊ लागते. म्हणून पहाटे जात्यावर बसून त्या दिवसापुरती किंवा फार तर उद्यापुरती बाजरी दळावयाची, असा रिवाज पडला. या दळणाचे वर्णन करताना ओव्यांचे माधुर्य सर्वांना आठवते, खांद्यांचे दुखणे कोणाला आठवत नाही. तरी एवढे खरे की, त्या घरांत पिठाला मुदतच नव्हती, कारण पीठ मुदतीपर्यंत उरतच नव्हते.

धान्य साठविण्याच्या जुन्या सोयी पाहिल्या तर काळाचा हाच विचार त्यांत दिसतो. मातीच्या कोठीला धान्य ओतण्याचे तोंड वर आणि काढण्याचे भोक तळाशी असे. चिंध्यांचा बोळा काढला की, आधी भरलेले धान्य आधी बाहेर येई. आजच्या मोठ्या दुकानांतून जुना माल पुढे व नवा मागे मांडण्याचा जो नियम नोकरांना घोकून शिकविला जातो, तो कुंभारणीच्या हाताने कोठीच्या घडणीतच बसविला होता. तूरडाळीला व तांदळाला एरंडेलाचे बोट फिरवावयाचे, गव्हात कडुलिंबाचा वाळला पाला मिसळावयाचा, कडधान्याला राख चोळावयाची, आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात सगळी बेगमी एकदा खडखडीत करून घ्यावयाची. दाण्यातील ओल गेली म्हणजे कीड व बुरशी या दोघींचाही पाया तुटतो.

मोठ्या साठ्यासाठी पेव असे. काळ्या जमिनीत ओल धरते म्हणून उंचवट्यावरची कोरडी, निचऱ्याची जागा पाहून अरुंद तोंडाचा व आत फुगलेला असा खड्डा खणीत. आत जाळ करून तो शेकीत, कडेने कडबा लावीत, धान्य भरीत आणि तोंड चिखलामातीने लिंपून टाकीत. बंद पेवात धान्य व कीड यांच्या श्वासोच्छ्वासाने प्राणवायू संपत जाई व कीड आपोआप मरे. असे धान्य कित्येक वर्षे टिके. परंतु हीच हवा माणसालाही मारी. पेव उघडल्यावर घाईने आत उतरलेला गडी गुदमरून गेल्याच्या हकिगती दख्खनच्या खेड्यांतून ऐकू येत. शहाणी माणसे तोंड उघडून पेवाला वारा खाऊ देत, मग आत दिवा सोडीत, आणि तो तेवत राहिला तरच माणूस उतरवीत. शिवाय पेव एकदा फोडले की, ते धान्य लवकर वाटून किंवा विकून टाकावे लागे, आणि त्याला येणारा कुबट वास पुष्कळांना खपत नसे. म्हणजे टिकाऊपणा हा धान्याइतकाच ते ज्या रीतीने ठेवले त्या रीतीचा गुण होता. छापील तारखेच्या युगात ही साधी गोष्ट पहिल्याने विसरली गेली.

अन्नाला वय असते हा विचार तसा फार पुरातन. गीतेच्या सतराव्या अध्यायात तामस लोकांना प्रिय असणाऱ्या अन्नाला ‘यातयाम’ असे विशेषण आहे. याम म्हणजे प्रहर. शिजवून प्रहर लोटलेले ते यातयाम. तासांत सांगावयाचे तर तीन तासांची मुदत! इतकी कडक मुदत कष्टकऱ्याच्या घरात पाळली जाणे शक्यच नव्हते, आणि ती पाळलीही गेली नाही. सकाळची भाकरी दुपारी रानात, आणि रात्रीची उरलेली दुसऱ्या दिवशी चुरून फोडणीला, हाच सर्वत्र क्रम. उलट श्रावणात शिळासप्तमीला आदल्या दिवशीचे अन्न खावयाचे व चूल थंड ठेवावयाची, असा संकेत आहे. आणि जुने ते सगळेच वाईट, असेही कोणी मानीत नसे. वर्षाचा जुना तांदूळ पचण्यास हलका म्हणून आजाऱ्याला देत. जुना गूळ व जुनी चिंच औषधाला शोधीत. कोणती वस्तू वयाने सुधारते आणि कोणती बिघडते हे ज्ञान घराघरांत सासूकडून सुनेकडे जात असे. ते कोठे लिहिलेले नव्हते, व म्हणूनच कदाचित, त्याला विद्या हे नाव कोणी दिले नाही.

बाजारात जाणारा पुरुष या शाळेत बसलेला नव्हता. पण त्याच्या बाजूनेही काही सांगण्यासारखे आहे. वाण्याच्या दुकानात माल पारखून घेण्याचा अधिकार रोकडीच्या गिऱ्हाइकाला असतो. उधारीच्या गिऱ्हाइकाला वाणी देईल ते मुकाट्याने पदरात घ्यावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगर जिल्ह्यातील शेतकरी बहुधा उधारीचाच गिऱ्हाईक होता, आणि पुष्कळ ठिकाणी सावकार व दुकानदार ही एकच व्यक्ती असे. ज्याच्याकडे जमीन गहाण, त्याच्याच तागडीतून मीठमिरची. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे जो उठाव झाला व जो पुढे नगर जिल्ह्याच्या दक्षिण भागात पसरला, त्यात लोकांचा रोख वह्या व दस्तऐवज जाळण्यावर होता. तो दंगा कर्जाचा खरा. परंतु त्याच वह्यांत घरच्या वाणसामानाची बाकीही मांडलेली असे, हे विसरता कामा नये. पाठोपाठ १८७६–७७ चा दुष्काळ आला. त्या साली ज्याच्या घरी किडके का होईना धान्य होते, तो भाग्यवान. पुढे १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा झाला, तरी उधारीच्या पिशवीत काय पडते, हा प्रश्न त्या कायद्याच्या कक्षेत येणारा नव्हता. घरी आल्यावर ‘बघून का घेतले नाही’ असे विचारले गेले, तर त्या माणसाने काय सांगावे? ‘स्वस्त मिळाले’ हे उत्तर कित्येकदा अब्रू झाकण्यासाठीही दिले गेले असेल.

राहात्याच्या शेजारी शिर्डीला याच्या अगदी उलट असा एक दाखला नमूद आहे. गोविंद रघुनाथ दाभोळकर यांच्या ‘श्रीसाईसच्चरिता’त साईबाबांच्या हंडीचे वर्णन आले आहे. शंभर-पन्नास माणसांना पुरेल असे अन्न शिजवावयाचे असले म्हणजे बाबा स्वतः बाजारात जात, धान्य, पीठ, मसाला रोख पैसे देऊन आणीत, मसाला स्वतःच वाटीत आणि चूल मांडून स्वतःच रांधीत, असे तेथे सांगितले आहे. भक्तीचा भाग बाजूला ठेवून केवळ व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तरी हे वर्णन बोलके आहे. आणणारा, निवडणारा, शिजविणारा व वाढणारा एकच, व्यवहार रोखीचा, आणि शिजलेले त्याच दिवशी वाटून मोकळे. तेथे कुरबुरीला जागाच कोठे होती? साईबाबांचे निर्वाण १९१८ चे. म्हणजे हा दाखला फार जुना नव्हे. सामान्य संसारात मात्र ही चार कामे दोन माणसांत, आणि पुढे पुढे तर दहा माणसांत, वाटली गेली.

ती कशी वाटली गेली, हे पिठाच्या गिरणीपासून पाहता येते. तेलाच्या इंजिनावर चालणारी गिरणी खेड्यात आली आणि स्त्रियांचे पहाटेचे कष्ट वाचले. हा लाभ एवढा मोठा होता की, त्यापुढे कसलीही तक्रार फिकी पडावी. पण गिरणीवर जाण्याचे काम घरच्या पुरुषाकडे किंवा मुलाकडे आले, आणि डोक्यावर डबा घेऊन रोज फेऱ्या घालण्यापेक्षा एकदाच पंधरा दिवसांचे दळून आणलेले बरे, असा हिशेब त्यांनी केला. गव्हाच्या बाबतीत तो चालून गेला. बाजरीच्या बाबतीत दहाव्या दिवशी भाकरी कडू लागू लागली, आणि दोष कधी बाजरीला, कधी गिरणीच्या दगडाला मिळाला. दाणा जसा टिकतो तसेच पीठही टिकेल, असे समजणे हा बाजाराचा हिशेब झाला, कोठीचा नव्हे.

इकडे दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू होऊन चितळी-पुणतांब्याची स्थानके झाली होती. माल दुरून येऊ लागला, दूर जाऊ लागला, आणि खाणारा व पिकविणारा यांची ओळख सुटली. त्याच सुमारास डबाबंद अन्नही शहरांतून दिसू लागले. हवाबंद बाटलीत अन्न उकळून टिकविण्याची युक्ती फ्रान्समधील निकोला अपेर याने काढली. १८१० मध्ये त्याला सरकारकडून बारा हजार फ्रँकांचे बक्षीस मिळाले, आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पत्र्याच्या डब्याची सनद पीटर ड्युरंड याने घेतली. असे अन्न का टिकते याचे कारण खुद्द अपेरलाही कळले नव्हते. ते पाश्चरच्या संशोधनानंतर, अर्ध्या शतकाने उमगले. गृहिणीच्या दृष्टीने डब्यात एकच अडचण होती. त्यातील अन्न हुंगता येत नाही, चाखता येत नाही, बोटांत चुरडून पाहता येत नाही. पारख करण्याची जेवढी साधने तिच्यापाशी होती तेवढी सगळी पत्र्याबाहेर राहिली.

१९४३ च्या मे महिन्यात मुंबई शहरात नियंत्रित वाटप सुरू झाले. रेशनच्या रांगेत चोखंदळ गिऱ्हाईक व बेपर्वा गिऱ्हाईक सारखेच ठरले. कार्डावर जे लिहिले असेल ते, आणि दुकानात जे आले असेल ते. तांदळातले खडे, गव्हातला जुनाट वास आणि मिलोसारखी अनोळखी धान्ये यांच्या तक्रारी पुढे कित्येक वर्षे चालल्या. तरीही बंगालात त्याच वर्षी माणसे लाखांनी मेली हे ध्यानात घेतले म्हणजे ती रांग किती मोलाची होती हे समजते.

स्वातंत्र्यानंतर कायद्याने प्रथम भेसळीकडे लक्ष दिले. १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा पुढच्या वर्षी अमलात आला. परंतु शिळा माल म्हणजे भेसळीचा माल नव्हे. तो शुद्ध असूनही वाईट असू शकतो. ग्राहकाच्या बाजूने संघटितपणे बोलण्यास आरंभ झाला तो मुंबईत, आणि तो केला स्त्रियांनी. १९६६ मध्ये नऊ महिलांनी ‘कन्झ्यूमर गायडन्स सोसायटी’ ही संस्था स्थापन केली. १९७२ च्या टंचाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर इत्यादींच्या पुढारीपणाखाली लाटणी घेऊन बायका रस्त्यावर आल्या. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत निघाली. तिने तर शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ करून महिन्याचे वाणसामान एकत्र, घाऊक आणण्याची व आपसांत वाटून घेण्याची व्यवस्थाच उभी केली. घराच्या खरेदीचा कारभार एकट्याच्या लहरीवर न ठेवता दहा घरांच्या नजरेखाली आणावयाचा, हा त्यातला खरा मुद्दा.

परदेशांतही गोष्ट याच सुमारास घडत होती. अमेरिकेत कारखानदार डब्यांवर तारीख घालीत असत, पण ती सांकेतिक अक्षरांत. दुकानदाराला कळे, गिऱ्हाइकाला कळत नसे. सामान्य माणसाला वाचता येईल अशी तारीख मिळावी यासाठी ग्राहकांनी गलका केला, आणि १९७० नंतरच्या दशकात ती मिळू लागली. भारतात १९७७ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनी पुड्यावर नाव, वजन, किंमत आणि वेष्टन केल्याचा महिना व साल छापणे बंधनकारक केले. वय समजले, आयुष्य किती ते अजून समजले नव्हते. ते पुढच्या नियमांनी पुऱ्या स्वरूपात आणले. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या २७ व्या कलमाने मुदत उलटलेला माल विकणाऱ्याला जबाबदार धरले, आणि हा कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला. १ ऑक्टोबर २०२० पासून मिठाईवाल्यांनी सुट्या मिठाईपुढेही मुदतीची पाटी लावावी असा हुकूम निघाला.

या नियमांत दोन शब्दप्रयोग आहेत, आणि घराघरांत त्यांची गल्लत होते. ‘अमुक तारखेपर्यंत उत्तम’ याचा अर्थ त्यानंतर चव, वास, कुरकुरीतपणा यांची हमी कारखानदार देत नाही, इतकाच. ‘अमुक तारखेपर्यंत वापरावे’ याचा अर्थ त्यानंतर ते पोटात घालू नये. पहिली तारीख उलटली म्हणून चांगले पोहे उकिरड्यावर टाकणारी घरे आहेत, आणि दुसरी उलटली तरी ‘काही होत नाही’ म्हणून दूध-मांसाचे पदार्थ खाणारीही आहेत. बेपर्वाई दोन्हीकडे सारखीच. एकीत पैसा जातो, दुसरीत प्रकृती. शिवाय दोन्ही तारखा न फोडलेल्या व सांगितल्याप्रमाणे ठेवलेल्या पुड्याच्या आहेत. पुडा फोडून चुलीशेजारी उघडा ठेवला की छापील अक्षरांचा अंमल संपतो, आणि पेव फोडल्यावरची जुनी घाई पुन्हा सुरू होते.

घरातील कामाची वाटणी मात्र कायदा बदलू शकला नाही. दुकानात पुढच्या रांगेतला पुडा उचलणारा हात आणि मागच्या रांगेत बोटे घालून ताजा पुडा ओढणारा हात, हे अजूनही बहुधा वेगवेगळ्या माणसांचे असतात. ‘एकावर एक फुकट’ अशी पाटी पाहून ज्याने दोन घेतले, त्याने भाव अचूक पाहिला. घरात खाणारी तोंडे किती आणि दिवस किती उरले, हे त्याने मोजले नाही. हे मोजण्याचे काम आजवर जिच्याकडे होते तीही आता नोकरीवर जाते, आणि सासूकडून मिळावयाची ती शिकवण मध्येच तुटलेली आहे. अशा घरात पुड्यावरची तारीख ही एकटीच वडीलधारी उरते. तिला निदान वाचावे लागते.

राहाता तालुक्याच्या दोन मालांना मात्र या तारखेची गरज पडलेली नाही. लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी उभ्या केलेल्या प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचा पहिला हंगाम १९५०–५१ चा. तेथून साखरेची पोती तेव्हापासून बाहेर पडत आहेत. कोरडी ठेवलेली साखर बिघडत नाही, म्हणून मुदतीच्या नियमांतून तिला सूट आहे. न चिरलेल्या ताज्या फळांनाही सूट आहे, म्हणून पेरूवरही काही छापलेले नसते. रस्त्याच्या कडेला पाटी मांडून बसलेली बाई गिऱ्हाइकाला आधी विचारते, ‘आज खायचे का उद्या?’ आणि उत्तर ऐकून मगच पाटीत हात घालते.